पुराचं पाणी घरात आलं तर विमा काय देतो, काय नाही: सांगली-साताऱ्याच्या घरमालकांसाठी

घराचा विमा काढलाय का असं आपल्याकडं कुणाला विचारलं की साधारण दोनच उत्तरं येतात, एक म्हणजे "ते बंगलेवाल्यांचं काम ओ" आणि दुसरं म्हणजे "होय, बँकेनं लोन देतानाच काढून दिलाय". पहिल्यांसाठी पुढं सगळं लिहिलंय, पण दुसऱ्यांनी आधी कपाटातनं तो कागद बाहेर काढा आणि वरचं नाव वाचा. बऱ्याचदा बँकेनं गळ्यात मारलेली पॉलिसी घराची नसतेच, ती लोनची असते, म्हणजे कर्ज घेणारा माणूस गेला तर उरलेलं कर्ज फिटतं, पण घरात छातीएवढं पाणी आलं तर तिचा काडीचा उपयोग नाही. आणि घराची असलीच तरी नुसती इमारतीची आहे का आतल्या सामानाची पण आहे हे बघा, कारण पुरात भिंती शक्यतो उभ्या राहतात, जातं ते सामान.

आता घरासाठी साधी सरळ पॉलिसी कुठली तर भारत गृह रक्षा. आयआरडीएआयनं म्हणजे विमा नियामकानं १ एप्रिल २०२१ पासून ही सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना ठेवायला लावली, सरकारी असो नाहीतर खाजगी, मूळ मजकूर सगळीकडं एकच आहे. त्यामुळं एजंट "आमच्यात पूर पण कव्हर होतो" असं काहीतरी विशेष दिल्यासारखं सांगायला लागला तर हसून सोडून द्या, या पॉलिसीत पूर आधीपासूनच आहे. पूर्वी जी स्टँडर्ड फायर पॉलिसी होती तिच्यात वादळ-पूर हा भाग काढून टाकून प्रीमियम कमी करता यायचा आणि लोक तसं करायचे पण, मग पूर आला की डोक्याला हात. आजही दुकानाची किंवा गोडाऊनची पॉलिसी घेताना हा भाग आत आहे ना एवढं विचाराच.

सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त गोंधळ होतो ते म्हणजे हे: विमा नुकसान बघून पैसे देत नाही, ते नुकसान कशामुळं झालं हे बघून देतो. पॉलिसीत कारणांची एक यादी असते, त्या यादीतल्या कारणानं झालं तर मिळतं, नाहीतर तीच भिंत, तीच ओल, तेच फुगलेलं प्लायवूड असलं तरी शून्य. यादीत नैसर्गिक म्हणावं असं काय काय आहे तर वीज पडणं, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, पूर, परिसर पाण्याखाली जाणं, जमीन खचणं, दरड कोसळणं, खडक घसरणं, जंगलातला वणवा, त्सुनामी पण आहे पण ती आपल्याला कशाला लागतीय. याशिवाय आग, स्फोट, झाड किंवा गाडी येऊन धडकणं, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, दंगल, हे पण त्याच यादीत.

यादीत नसलेली गोष्ट म्हणजे नुसता पाऊस. हे नीट समजून घ्या. महिनाभर झड लागली, स्लॅब गळायला लागला, पीओपी खाली आलं, भिंतीला बुरशी धरली, तर त्याचा क्लेम बसत नाही, ती देखभालीची गोष्ट धरतात. पण त्याच पावसानं रस्त्यावर पाणी साठून उंबऱ्यावरनं आत आलं तर ते परिसर पाण्याखाली जाणं झालं, ते मिळतं. सांगलीत शामरावनगरातल्या लोकांना हा फरक वेगळा सांगायला नको, तिथं नदीला पूर नसतानाही नुसत्या पावसानं गुडघाभर पाणी होतं. अशा वेळी फोटो काढताना नुसती घरातली ओली फरशी काढू नका, दारातनं बाहेरचा रस्ता, शेजारच्यांची घरं, पाण्यात उभ्या गाड्या असं सगळं येऊ द्या, म्हणजे पाणी वरनं गळलेलं नाही, बाहेरनं आलंय हे फोटोच सांगतो.

आणखी एक प्रश्न आपल्याकडं हमखास निघतो, की पूर काय निसर्गानं आणला का, कोयनेतनं पाणी सोडलं आणि खाली अलमट्टीनं अडवलं म्हणून आला, मग कंपनी नाही म्हणू शकते का? ते भांडण चालू राहू दे, पॉलिसीत पुराचं पाणी कुठनं आलं याची अट नाही. कृष्णेचं पाणी तुमच्या घरात आलं म्हणजे पूर, विषय संपला. २००५ ला, २०१९ ला आणि २०२१ ला, तिन्ही वेळा सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५० फुटांच्या वर गेलं होतं, २०१९ ला तर ५७ च्या वर, आणि इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट हे तर सांगलीत शाळेतल्या पोराला पण पाठ असतंय. तुमच्या घराला किती फुटाला पाणी लागतं हे माहीत नसेल तर जुन्या शेजाऱ्यांना विचारा, सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड इकडची मंडळी तर बरोबर आकडा सांगतील. हा आकडा विम्यात कुठं लिहायचा नसतो, पण सामान कधी हलवायचं आणि विमा किती रकमेचा काढायचा हे त्यावरनंच ठरतं.

वळवाच्या वाऱ्याचं बघू. जत, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पत्रे उडतात, ते वादळात येतं. पत्रा उडून शेजारच्याच्या टाकीवर पडला तर त्याचं नुकसान तुमच्या पॉलिसीतनं नाही, त्याच्या पॉलिसीतनं मिळतं, बाहेरची वस्तू आदळली म्हणून. गारपीट असा वेगळा शब्द यादीत नाही, वादळाबरोबर आली तर वादळाच्या नावानं क्लेम करायचा, पण कौलारू किंवा सिमेंटच्या पत्र्याचं घर असेल तर घेतानाच कंपनीला ईमेलवर विचारून लेखी उत्तर ठेवा. झाड पडलं तर सरळ मिळतं. घर कशाचं आहे, पत्र्याचं, कौलाचं, मातीच्या भिंतीचं जुनं माळवद का आरसीसी, हे फॉर्मवर खरं लिहायचं, दोनशे रुपये वाचवायला आरसीसी लिहिलं आणि सर्वेअरनं, म्हणजे कंपनी नुकसान तपासायला पाठवते त्या माणसानं, येऊन कौलं बघितली तर अख्खी पॉलिसीच अडचणीत येते.

विजेचं जरा किचकट आहे. घरावर वीज पडून स्लॅबचा कोपरा उडला, भिंतीला भेग पडली, आग लागून सामान जळलं, हे मिळतं. पण टीव्ही, फ्रिज, बोअरची मोटर यातलं काही जास्त दाबानं, शॉर्ट सर्किटनं आतल्या आत जळलं तर तेवढं यंत्र वगळलेलं आहे, आणि तिथं कारण वीज असली तरी वगळलंय असं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्या यंत्रातनं आग पसरून बाकी घर जळलं तर मात्र बाकीच्याचे पैसे मिळतात. यंत्राचं हवं असेल तर वेगळं कव्हर जोडून घ्यावं लागतं, माझ्या मते घरात इन्व्हर्टर, एसी, मोठा टीव्ही असलं असेल तरच घ्या.

भूकंपाला आपण गांभीर्यानं घेत नाही, पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरात काय झालं ते पाटणकडच्या म्हाताऱ्यांना विचारा, आणि कोयना भागात लहान धक्के अजून बसतात. भारत गृह रक्षात भूकंप आतच आहे, वेगळे पैसे भरायला नकोत.

दरडीचं साताऱ्याकडच्या लोकांनी नीट वाचा. जुलै २०२१ ला पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं काय झालं ते सगळ्यांना माहितीय. दरड कोसळली, जमीन खचली तर कव्हर आहे, पण या एकाच मुद्द्याला खाली बारीक अक्षरात सगळ्यात जास्त शेपट्या जोडल्यात. नवीन घर बसतं म्हणजे थोडं खाली दबून भेगा पडतात ते नाही. भर टाकून केलेली जमीन सरकली तर नाही. नदीनं काठ खाऊन घर कलंडलं तर नाही, हे कृष्णा आणि वारणाकाठच्या लोकांनी लक्षात ठेवा, पुराचं पाणी घरात आलं ते वेगळं आणि काठ ढासळला ते वेगळं. बांधकामच चुकीचं किंवा हलक्या मालाचं असेल तर नाही. आणि खोदकामामुळं झालं तर नाही, म्हणजे पाचगणी-महाबळेश्वरकडं कुणीतरी जेसीबी लावून डोंगराचा पाय कापला आणि वरची माती खाली आली तर कंपनी नेमकं तेच कारण पुढं करणार. तुमच्या घराच्या वर असं काम चालू दिसलं तर तारखेसकट फोटो काढून ग्रामपंचायतीत किंवा तहसीलला लेखी अर्ज देऊन पोच घ्या, उद्या कारणावरनं वाद झालाच तर त्या माणसावर दावा लावायला तोच कागद कामाला येईल. काळ्या रानात घर बांधलंय आणि उन्हाळ्यात भिंतीला भेगा पडतात, हे तर आपल्याकडं घरोघरी, त्याचा क्लेम विसरा.

आता रक्कम किती लावायची. इथं लोक बाजारभाव लावतात, ते चुकीचं आहे, जागेची किंमत विम्यात येत नाही कारण जागा वाहून जात नाही. कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, गुणिले आज बांधायला लागणारा दर, एवढंच. समजा ८०० चौरस फूट आणि दर २,००० धरला तर १६ लाख. इमारत आणि सामान दोन्ही घेतलं तर साध्या सामानाला इमारतीच्या २० टक्के आपोआप मिळतात, जास्तीत जास्त १० लाख, म्हणजे इथं ३ लाख २० हजार. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी एवढ्यावर थांबू नये, फ्रिज, वॉशिंग मशीन, सोफा, कपाटं, गाद्या, धान्याच्या कोठ्या, देवघर, मॉड्युलर किचन असली बेरीज करून बघा, बहुतेकांची वर जाते, मग यादी देऊन रक्कम वाढवून घ्यायची. घरात बसायची खोली, स्वयंपाकघर एवढंच मोजू नका, इमारत म्हटलं की कंपाउंड भिंत, गेट, पोर्च, जमिनीतली टाकी, सेप्टिक टँक, सोलर पॅनेल, गोबरगॅस हे सगळं धरता येतं, पुरात कंपाउंड भिंत पहिली आडवी होते म्हणून सांगतोय.

या पॉलिसीतली एक चांगली गोष्ट म्हणजे रक्कम थोडी कमी लावली गेली तरी क्लेम त्या प्रमाणात कापत नाहीत, जेवढी रक्कम लावलीय तिथपर्यंत खरं नुकसान देतात. जुन्या पॉलिसीत हे कापणं फार व्हायचं. दहा वर्षांपर्यंत एकदम पण काढता येते आणि तशी काढली तर रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी वाढत जाते, जादा प्रीमियम न घेता. मात्र वर एक खोली चढवली, गॅलरी आत घेतली असं करून कार्पेट एरिया १० टक्क्यांहून जास्त वाढला तर कंपनीला कळवून फरक भरा, नाहीतर वाढीव भाग उघडा राहतो. प्रीमियमला घाबरू नका, साध्या घराचा प्रीमियम बऱ्याचदा चारचाकीच्या विम्यापेक्षा कमी बसतो, वर १८ टक्के जीएसटी धरा.

काय येत नाही तेही ऐका. रोख पैसे, चेक, शेअर आणि जमिनीची कागदपत्रं, सुटे हिरे, सोन्याची बिस्किटं नाहीत. दागिने, चांदीची भांडी ही मौल्यवान वस्तू म्हणून वेगळी घ्यावी लागतात, एकूण ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखापर्यंत असेल तर व्हॅल्युएशनचं सर्टिफिकेट लागत नाही. दारातली गाडी घराच्या विम्यात नाही, तिचा स्वतःचा फुल इन्शुरन्स लागतो, थर्ड पार्टीवाल्याला पुराचं काही मिळत नाही. गोठ्यातली जनावरं, रानातला ऊस, हळद हे तर वेगळे विषय. आणि खाली दुकान वर घर असं ज्यांचं आहे, गणपती पेठ, हरभट रोड इकडं निम्मी घरं तशीच, त्यांनी दुकानासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा वेगळी काढायची, ५ कोटींपर्यंतच्या धंद्याला ती चालते. घराच्या पॉलिसीवर दुकानातल्या मालाचा क्लेम टाकायला जाऊ नका.

मे महिन्यात करायचं काम म्हणजे मोबाइल घेऊन घरभर एक व्हिडिओ काढायचा, प्रत्येक कपाट उघडून, मशीनच्या मागचा नंबर दिसेल असा, बिलं असतील त्यांचे फोटो, पॉलिसीचा फोटो, आणि हे सगळं पुण्याच्या पोरीला नाहीतर भावाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवायचं, कारण पुरात मोबाइल पण भिजतो. पॉलिसीची तारीख बघा, जुलै-ऑगस्टमध्ये संपत असेल तर आधीच रिन्यू करा. पाणी ४० फुटाच्या पुढं गेल्यावर काढतो म्हणणारे दरवर्षी भेटतात, पैसे भरल्यापासनंच कव्हर सुरू होतं आणि पाणी दारात आलेलं असताना कंपनी नवीन पॉलिसी देत बसत नाही.

पाणी चढायला लागलं की मेन स्विच बंद, गॅस बंद, जे उचलता येतं ते माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर. होईल तेवढं नुकसान टाळायचा प्रयत्न केला पाहिजे ही पॉलिसीची अटच आहे, पण जिवावर उदार होऊन फ्रिज उचलत बसा असं कुठंही लिहिलेलं नाही. घर सोडताना कुलपाचा आणि पाण्याच्या पातळीचा फोटो काढा. पुराच्या काळात रिकाम्या घरांत चोऱ्या होतात, आणि पूर वगैरे घटनेमुळं झालेली चोरी ७ दिवसांच्या आत असेल तर याच पॉलिसीत मिळते, त्यासाठी पोलिसांत फिर्याद हवी.

पाणी ओसरल्यावर पहिलं काम कंपनीला कळवणं, ॲपवर, टोल फ्रीवर, ईमेलवर, आणि क्लेम नंबर घेऊन लिहून ठेवणं. एजंटला फोन केला म्हणजे कळवलं असं होत नाही. क्लेम फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासनं ३० दिवसांत द्यायचा. सर्वेअर यायच्या आधी घर स्वच्छ करायची घाई नडते, आमच्या ओळखीच्या एका काकांनी गाळाच्या वासाला कंटाळून गाद्या, मिक्सर, पोरांची पुस्तकं, फर्निचर सगळं कचऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये टाकलं आणि मग सर्वेअरला दाखवायला हातात काही राहिलं नाही. गाळ काढा, धान्य कुजलं असेल तर फोटो काढून टाका, पण मोठी वस्तू अंगणात का होईना ठेवा. भिंतीवरची पाण्याची रेघ पुसू नका, तिथं टेप धरून फोटो घ्या. सर्वेअर आला की त्याच्या बरोबर फिरा, एकेक वस्तू दाखवा, त्याचं नाव, लायसन नंबर टिपून घ्या, तो कंपनीच्या पैशानं येत असला तरी त्याला नियमानं तटस्थ राहावं लागतं. मिस्त्री, रंगारी, सुतार, इलेक्ट्रिशियन यांची एस्टिमेट वेगवेगळी आणि सहीशिक्क्याची घ्या, "एकूण अडीच लाख" असला एका ओळीचा कागद कुणी मान्य करत नाही.

बऱ्याच जणांना माहीत नसतं ते म्हणजे राडारोडा उचलायचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत, आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत मागता येते, आणि घर राहण्यालायक नसेल तर दुसरीकडं भाड्यानं राहिल्याचा खर्च पण. पाहुण्यांकडं राहिलात तर अर्थात भाड्याची पावती कुठनं आणणार.

तलाठ्याचा पंचनामा आणि विम्याचा सर्वे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही करून घ्या, एकामुळं दुसरं बुडत नाही, उलट पंचनाम्याची प्रत क्लेमला जोडा. पण सरकारी मदतीच्या भरवशावर राहू नका, केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषात पक्कं घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, आणि पक्क्या घराचं किमान १५ टक्के नुकसान झालं तर ६,५०० रुपये. राज्य सरकार कधी वरनं भर घालतं, पण साडेसहा हजारांत एक खोली रंगवून होत नाही.

क्लेम नाकारला किंवा फारच कापला तर कारण लेखी मागा, पॉलिसीतलं कुठलं कलम लावलं ते त्यात असलं पाहिजे. मग कंपनीच्याच तक्रार विभागाकडं अर्ज, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी, आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी पुण्याचं कार्यालय आहे. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथं चालतात, फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीचं उत्तर आल्यापासनं वर्षाच्या आत जायला हवं. आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर आणि १५५२५५ ला पण तक्रार नोंदवता येते, तिथं नोंदवल्यावर कंपनीकडनं फोन जरा लवकर येतो एवढं खरं.

फ्लॅटवाल्यांनी सोसायटीनं बिल्डिंगचा विमा काढलाय का हे सेक्रेटरीला विचारा, काढला असेल तर तुम्हाला नुसतं सामानाचं कव्हर घेऊन भागतं. भाडेकरूंनाही नुसतं सामानाचं घेता येतं, घरमालकाच्या पॉलिसीत तुमचा टीव्ही येत नाही.